दर सहाव्या कपाला

"मशीन ठणठणीत आहे, ताई, खोटं कशाला बोलू? फक्त दर सहाव्या कपाला पावडर कमी टाकतं," असं म्हणून जुन्या सामानाचा तो दुकानदार पुन्हा आपल्या वर्तमानपत्रात शिरला, आणि मी तिथेच, पोचे आलेल्या दोन भट्ट्या आणि एकावर एक रचलेल्या खुर्च्या यांच्यामध्ये, उभी राहिले. मी आत शिरले होते ती नातीच्या बाटल्या उकळायला एखादं खोल भांडं मिळतं का ते बघायला. भांडं राहिलं बाजूला. कोपऱ्यातल्या फळीवर माझं मशीन होतं. माझं म्हणजे माझ्या मालकीचं नव्हे. पण एकोणीस वर्षं ज्याच्यासमोर उभं राहून मी कॉफी दळली, ते. काळा रंग, डाव्या अंगाला लांब ओरखडा, आणि झाकणाजवळ तळहाताएवढ्या जागेतला रंग उडून खालचा धातू दिसत होता. तो रंग माझ्याच तळहातानं उडवलेला. "सहाव्याचं तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. "मोजलं की! गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं तर आधी बघायला नको? वीस-पंचवीस वेळा दांडी ओढली, काट्यावर ठेवून बघितलं. सहावा फिका, लगेच सातवा कडक, मग चार सरळ. परत फिका." "किती वेळ लागला मोजायला?" त्यानं वर्तमानपत्रावरून माझ्याकडे पाहिलं. चष्म्याची एक काडी त्यानं दोऱ्यानं बांधली होती. "दहा मिनिटं लागली असतील. का हो?"

काही नाही, म्हटलं. काय सांगणार होते? दहा मिनिटं! आमच्या ऑफिसात बेचाळीस इंजिनियर होते. साधेसुधे नाहीत, पुलांचे नकाशे काढणारे. कुठल्या खांबावर किती भार येईल, वारा आडवा आला तर लोखंड किती वाकेल, याचा हिशेब केसाच्या अंतरापर्यंत करणारी माणसं. आणि त्या बेचाळीस जणांच्या मधोमध, काउंटरवर उभं असलेलं एक हातभर उंचीचं यंत्र दर सहाव्या कपाला कमी टाकतंय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यांच्या डोक्यात आला तो माझा हात. यंत्र बोलत नाही, म्हणून ते खरं. बाई बोलत नाही, म्हणून ती खोटी. मी दुकानदाराला मशीन बांधून द्यायला सांगितलं. तो म्हणाला, "बघा हां, नंतर तक्रार नको. सहाव्याचं मी सांगितलंय." त्याला मिठी मारावी की त्याच्या गळ्यात पडून रडावं, मला कळेना. एवढंच म्हणाले, "तुम्ही सांगितलंत, यातच सगळं आलं." त्याला वाटलं असेल, बाईचं डोकं जरा फिरलंय.

टॅक्सीत ते धूड मांडीवर घेऊन बसले तेव्हा माझे हात आपसूक त्याच्या अंगावरून फिरायला लागले. डावा ओरखड्यावर, उजवा त्या उडालेल्या रंगावर. हे गेले तेव्हा मुलगा सातवीत होता. त्या वर्षी मी त्या काउंटरवर उभी राहिले. पहिल्या दिवशी मशीन शिकवणारा माणूस आला, त्यानं पाच मिनिटांत सगळं दाखवलं. वर दाणे टाकायचे, खाली ते दळले जातात, दळलेली पावडर गोल डब्यात पडते. डब्याच्या तळाला सहा खणांचं चाक. दांडी ओढली की चाक एक घर पुढे सरकतं, भोकावर येतं, आणि एका खणातली पावडर खालच्या दांड्याच्या चाळणीत पडते. एक ओढ, एक कप. "यात चुकायला जागाच नाही," तो म्हणाला होता. आठवडाभरात माझ्या हाताला कळलं की जागा आहे. मला नाही कळलं. हाताला कळलं. हे आज टॅक्सीत बसून मी सांगू शकते, तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पाच वेळा दांडी 'खट' म्हणायची आणि एकदा 'ठस'. ठस म्हटली की माझा उजवा तळहात झाकणाजवळ एक थाप मारायचा. बस. अडकलेली पावडर खाली यायची आणि कप नेहमीसारखा. हे मी दिवसातून किती वेळा केलं असेल? रस्त्यानं चालताना माणूस खड्डा चुकवतो, तेव्हा घरी येऊन सांगतो का, की मी आज अमुक इतके खड्डे चुकवले?

मग शांतीदूत आला. हे नाव मी दिलेलं, मनातल्या मनात. नवा व्यवस्थापक. त्यानं आल्या आल्या भिंती पाडल्या. सगळं ऑफिस म्हणजे एक मोठं दालन, कुणालाही कुणीही दिसावं आणि सगळ्यांनी कुजबुजत बोलावं. माझं काउंटर आधी कोपऱ्यातल्या खोलीत होतं, ते आता दालनाच्या काठावर आलं. एके दिवशी तो स्वतः आला, खूप गोड हसला, म्हणाला, "मावशी, कॉफी फर्स्टक्लास. फक्त हे ठोकणं तेवढं बंद करा. लोक फोनवर असतात." दुसऱ्या दिवशी मशीनवर कागद चिकटवलेला, ठळक अक्षरांत: कृपया मशीनवर थाप मारू नये. मी थाप बंद केली. मला आजही चीड येते ती त्या कागदाची नाही, माझी येते. सांगितलं आणि ऐकलं! हाताला खाज सुटायची. ठस ऐकलं की तळहात उचलला जायचा आणि मी तो धरून ठेवायची, पोराचा हात धरावा तसा. महिन्याभरात कुरबुर सुरू झाली. कुणाची कॉफी फिकी, कुणाची कडूजहर. हसत हसत म्हणायचे, "मावशी, आज मूड नाही वाटतं?" मग हसणं गेलं. मग एकमेकांत बोलायला लागले. दालन मोठं होतं, कुजबूज माझ्यापर्यंत यायची. वय झालं, हात थरथरतो, घरी काही टेन्शन असेल. मी माझ्या हाताकडे बघायला लागले. आणि कुणी सतत बघायला लागलं की कुठला हात स्थिर राहतो?

माझा मुलगा त्याच ऑफिसात आहे. बेचाळिसातला एक. मी काउंटरमागे उभं राहून त्याला शिकवलं, आणि तो शिकून काउंटरच्या पुढच्या बाजूला येऊन बसला, याचा मला जो अभिमान होता तो आता कुठे ठेवावा कळत नाही. कुरबुर वाढली तेव्हा तो मला म्हणाला, "आई, तू काळजी करू नकोस. मीच मोजतो. आकडे समोर ठेवले की त्यांची तोंडं बंद होतील." माझ्या बाजूनंच उठला होता तो, हे मी नाकारत नाही. एका सकाळी छोटा काटा घेऊन काउंटरच्या आत माझ्याशेजारी उभा राहिला. सलग साठ कप मोजले. मी दांडी ओढायची, तो चाळणी काट्यावर ठेवायचा, आकडा लिहायचा. सुरुवातीला माझ्याकडे बघून हसत होता. विसाव्या कपानंतर हसणं बंद झालं. चाळिसाव्यानंतर तो माझ्याकडे बघेनासा झाला. दुपारी खिडकीपाशी एकटाच उभा राहिलेला दिसला, पाठ माझ्याकडे. मला वाटलं, फाडून टाकेल तो आकड्यांचा कागद. आई आहे मी त्याची! संध्याकाळी त्यानं तो व्यवस्थापकाला दिला. मला म्हणाला, "आकडे लपवता येत नाहीत, आई." पुढच्या महिन्यात निरोपाचा समारंभ, भिंतीवरचं घड्याळ भेट, बटणाचं नवं यंत्र. आणि मला मिळालेल्या पत्राला जोडलेला तो कागद, साठ ठिपक्यांचा आलेख, वर शीर्षक: ऑपरेटरच्या हातातील चढउतार. ऑपरेटर! ज्या हातानं तुझं नाक पुसलं, तो ऑपरेटरचा.

ऑफिसातलं ऑफिसात राहिलं असतं तर मी गिळलं असतं. बायका काय काय गिळतात, त्यात हे एक. पण तो कागद घरी आला. कपाटाच्या खणात ठेवला खरा तो, पण राहिला मुलाच्या डोक्यात. किटली उचलायला गेले की "राहू दे आई, मी ओततो." सुई ओवायला बसले की "दे इकडे." डॉक्टरकडे कधी नेलं नाही, कशाला नेईल, आलेख होता ना! आणि सात आठवड्यांपूर्वी नात झाली. गुंडाळून ठेवली की नुसतं गाठोडं, म्हणून मी तिला गाठोडंच म्हणते. पहिल्या दिवशी मी हात पुढे केले आणि माझ्या पोटच्या पोरानं मला सांगितलं, "बसून घे हं आई. पलंगावर. मांडीवर उशी ठेव." मी बसले. उशी ठेवली. त्यानं गाठोडं उशीवर ठेवलं आणि समोर वाकून, दोन्ही हात खाली पसरून उभा राहिला, मी कधी पाडतेय याची वाट बघत. सात आठवडे झाले. मी माझ्या नातीला एकदाही उभ्यानं घेतलेलं नाही. उभ्यानं घेऊन खिडकीपाशी नेलेलं नाही, खांद्यावर टाकून पाठीवर थोपटलेलं नाही. सून काही बोलत नाही, पण नियम तीही पाळते. रडायला लागली की स्वतः उठते, अंगात त्राण नसलं तरी. मला वाटायचं, हिनंच त्याला सांगितलं असेल. सुनांना सासूचा हात नको असतो, पदार्थात नको आणि पोरालाही नको. मनातल्या मनात मी तिला काय काय बोलले असेन.

मशीन मी मागच्या गॅलरीतल्या टेबलावर मांडलं. मुलगा बाहेर गेला होता, सून बाळाजवळ. बाबांचं कुलपांचं दुकान होतं. लहानपणी मी त्यांच्या पायांशी बसून कोऱ्या किल्ल्या घासायची, आणि बाबा म्हणायचे, कुलूप रुसलं तर त्याला शिव्या देऊ नये, आधी उघडून बघावं. त्यांची कानशींची पेटी, किल्ल्यांचा डबा, बारीक स्क्रूड्रायव्हर, सगळं माझ्याकडे आहे. झाकण काढलं, मधला नट सैल केला, चाक वर उचललं. जुन्या कॉफीचा वास आला, तेलकट, करपट, आणि एका क्षणात मी त्या कोपऱ्यातल्या खोलीत उभी होते, भिंती पाडायच्या आधीच्या. चाकाच्या खाली चकती होती, सहा दातांची. दांडी ओढली की एक खिटी एका दाताला पकडून चाक पुढे ढकलते. मी बोटानं एकेक दात चाचपत गेले. पहिला धारदार. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा धारदार. सहावा गोल. नुसता गोल नाही, त्यात सुईच्या टोकाएवढं भोक होतं. ओततानाच धातूत हवेचा बुडबुडा राहिला असणार. म्हणजे जन्मखोड. आधीच पोकळ, मग झिजत गेला. त्या दातावर खिटी उशिरा पकडायची, चाक भोकाच्या अलीकडेच थांबायचं, खण अर्धा उघडायचा. उरलेली पावडर पुढच्या ओढीला, पुढच्या खणातल्या पावडरीबरोबर पडायची. सहावा फिका, सातवा कडक. माझ्या हातातील चढउतार!

मी खुर्चीत बसले आणि मोठ्यानं हसले. सून आतून म्हणाली, "काय झालं आई?" "काही नाही गं, दात सापडला." मग हसू गेलं आणि राग आला. असा राग मला हे गेले तेव्हा देवावरही आला नव्हता. मी खणातून तो कागद काढला. पेन्सिल घेऊन ठिपके मोजले. चौथा ठिपका खाली, पाचवा वर. मग सरळ. दहावा खाली, अकरावा वर. सोळावा. बाविसावा. प्रत्येक खालच्या ठिपक्याभोवती मी गोल काढत गेले आणि शेवटच्या गोलाला पेन्सिलीचं टोक मोडलं. दहा गोल. दहाही सहा-सहाच्या अंतरानं, एकही इकडे तिकडे नाही. थरथरणारा हात घड्याळ लावून थरथरतो का रे? म्हातारपण काय दर सहाव्या कपाला येतं? पुलांच्या खांबांचे आलेख वाचणारा माझा मुलगा, वरचं शीर्षक आधी लिहून मग खाली ठिपके काढत गेला. आकडे लपवता येत नाहीत म्हणाला. आकड्यांनी लपवलं नव्हतंच काही. त्यांनी दहा वेळा ओरडून सांगितलं होतं, हा आईचं ऐकत नव्हता तसा आकड्यांचंही ऐकत नव्हता.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. बाबांच्या डब्यातली एक कोरी पितळी किल्ली घेतली, तिची पट्टी कापली, वाकवून दातावर टोपीसारखी बसवली, आत दोन भागांचा कडक गोंद भरला. बोलायला सोपं. पट्टी दाताएवढी, दात नखाएवढा. आणि इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे, कारण उगाच सोवळेपणाचा आव आणण्यात अर्थ नाही. माझा हात थरथरतो. गोंद लावायच्या आधी मी उजवा हात उचलून टेबलावर धरला आणि तो थरथरला. थोडा, पण थरथरला. मी बघत राहिले. मग चिमट्यात पट्टी धरली आणि तो गप्प झाला. पट्टी ठेवली, पुन्हा थरथर. कानस घेतली, गप्प. असं मी चार-पाचदा करून बघितलं, लहान मुलानं दिव्याचं बटण खालीवर करावं तसं. हात रिकामा असला की कापतो. कामाला लागला की त्याला कापायला सवड नसते. आणि हात रिकामा केला कुणी? किटली काढून घेतली, सुई काढून घेतली, दांडी काढून घेतली, गाठोडं तर दिलंच नाही. आणि मग रिकाम्या हाताकडे बोट दाखवतात की बघा, थरथरतोय.

गोंद दिवसभर सुकू दिला. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, कानशीनं टोपीची धार काढली, चाक बसवलं, नट आवळला, दाणे टाकले. स्वयंपाकघरातला सुनेचा काटा आणला. दांडी ओढली. खट. सात ग्रॅम. खट, सात. खट, सात. सहाव्या वेळी माझा तळहात सवयीनं वर उचलला गेला. खट. सात. मी तीस वेळा ओढली. तिसाव्याला माझ्या लक्षात आलं की मागे कुणीतरी उभं आहे.

"हे कुठून आणलंस?" मुलगा म्हणाला. त्यानं ओरखडा ओळखला होता.

"दुकानातून. बस."

"आई, आता कशाला हे... तुला त्रास होईल."

"बस म्हटलं ना."

तो बसला. मी चकतीचा दात कसा होता ते सांगितलं. थाप का मारायची ते सांगितलं. कागद त्याच्यासमोर ठेवला. तो आधी माझ्याकडे बघत होता, जशी आजारी माणसाकडे माणसं बघतात, मान हलवत. मग त्याची नजर गोलांवर पडली. त्याचं बोट ठिपक्यांवरून सरकायला लागलं. चार. दहा. सोळा. ओठ हलत होते, सातवीत असताना गणित करताना हलायचे तसे. अठ्ठावन्नावर बोट थांबलं. मी त्याला वेळ दिला. मला वाटलं, आता म्हणेल. एक शब्द म्हणेल. मी तो शब्द ऐकायला इतकी अधीर झाले होते की मला माझीच लाज वाटली.

"मग तू तेव्हा का नाही बोललीस?" तो म्हणाला.

"काय?"

"तुला माहीत होतं ना, थाप मारल्याशिवाय नीट पडत नाही? मग सांगायचं. मी मोजत होतो तेव्हा सांगितलं असतंस तर ही वेळ—"

"म्हणजे चूक माझीच?" मी उठले. "यंत्राचा दात पोकळ, ती माझी चूक. थाप मारू नका म्हणाले, नाही मारली, ती माझी चूक. तू शेजारी उभा राहून साठ कप मोजलेस, आणि एकदाही म्हणाला नाहीस, आई, दांडी इकडे दे, मी ओढून बघतो. एकदाही! दुसऱ्या कुणाच्या हातानं बघायचं नाही का मोजून? तुझ्या त्या पुलाला तडा गेला तर आधी पूल बघतोस का पुलावरून जाणाऱ्या म्हातारीला धरतोस?"

"आई, हळू. बाळ झोपलंय."

"हळूच बोलत आले इतकी वर्षं!"

"तू चिडू नकोस. हे मशीनचं बरोबर असेल. मानलं. चुकलं माझं. पण..." तो माझ्या हाताकडे बघत होता. मी त्याच्यावर रोखलेलं बोट हवेत होतं आणि ते, सगळा हातच, कोपरापासून थरथरत होता. "बघ ना. आत्ताही कापतोय."

"रागानं कापतोय!"

"ठीक आहे. रागानं." तो इतक्या समजूतदारपणे म्हणाला की मला मशीन उचलून त्याच्या पायांवर टाकावंसं वाटलं. म्हणजे दात सापडला, आलेख उलटला, तीसही कप सात ग्रॅम भरले, आणि तरी जे व्हायचं होतं ते होऊन गेलेलं. मी एका सकाळी त्याच्या मनात थरथरले होते, आणि आता जन्मभर तशीच थरथरत राहणार होते. यंत्राचा दात पितळेनं बसतो. याच्या डोक्यात कुठला स्क्रूड्रायव्हर घालायचा?

आवाजानं बाळ उठलं असावं. सून गॅलरीच्या दारात आली, खांद्यावर रडणारं गाठोडं, केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. तिनं टेबल पाहिलं, कागद पाहिला, आम्हा दोघांना पाहिलं. "कुणीतरी धरा हिला दोन मिनिटं," ती म्हणाली, "मला अंघोळ तरी करू दे." मुलानं लगेच हात पुढे केले. मीही केले. का केले, ठाऊक नाही. उभी होते, उशी नव्हती, पलंग नव्हता.

"आई, बस आधी," तो म्हणाला.

"उभ्यानं घेते."

सून माझ्याकडे बघायला लागली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते माझ्या अपेक्षेतलं नव्हतं. "तुम्हाला चालेल?" ती म्हणाली. "उभ्यानं? मला वाटायचं, तुम्हालाच भीती वाटते. हा म्हणाला होता, आईच म्हणालीय, मला उभ्यानं देऊ नका, माझा भरवसा नाही. म्हणून मी कधी..." तिला रडू यायला लागलं, दमलेल्या माणसाला कशावरही येतं तसं. "सात आठवडे मी एकटी उठतेय, आई."

मी मुलाकडे पाहिलं. तो कागदाकडे बघत होता. "तुला वाईट वाटू नये म्हणून म्हटलं तसं," तो म्हणाला. "मी नाही म्हणतोय असं झालं असतं तर तुला जास्त लागलं असतं." मला वाईट वाटू नये म्हणून! माझ्या तोंडी घातलेलं ते वाक्य सात आठवडे या घरात फिरत होतं, आणि मी उशी मांडीवर घेऊन सुनेला मनातल्या मनात शिव्या देत बसले होते. मला खूप बोलायचं होतं. पण गाठोडं रडत होतं, आणि सुनेचे हात आता खरंच खाली यायला लागले होते.

मी एक पाऊल पुढे गेले आणि नातीला घेतलं. एक हात मानेखाली, एक बुडाखाली. वाटलं होतं त्यापेक्षा जड. ती अंगाला अंग लागताच क्षणभर रडायची थांबली, माझ्या बोटांना कॉफीचा वास होता तो तिनं हुंगला, आणि पुन्हा, नव्या जोमानं सुरू झाली. मी तिला खांद्यावर टाकलं. सून अंघोळीला गेली नाही, भिंतीला टेकून तिथेच खाली बसली, डोळे मिटून. आणि तेवढ्यात मला माझ्या दोन्ही कोपरांखाली काहीतरी जाणवलं. मुलाचे हात. तो मागून येऊन उभा राहिला होता, तळवे वर करून, माझ्या कोपरांना न लागता, बोटभर खाली.

"हात काढ," मी म्हटलं.

"आई, मी फक्त—"

"हात काढ."

तो तसाच उभा राहिला. मी वळून पाहिलं नाही. बाळाचं रडणं माझ्या कानात होतं, तिची हनुवटी माझ्या खांद्याच्या हाडावर आपटत होती, आणि मी वाट बघत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग कोपरांखालची ती ऊब गेली, आणि खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.